मायेचा कायदा: ‘एल्डन रिंग’मधली मारिका

(पुढे ‘एल्डन रिंग’ आणि ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ या दोन्हींचे भरपूर स्पॉयलर आहेत. खेळायचं राहिलं असेल तर आधी खेळा, हा लेख कुठे पळून जात नाही.)

‘एल्डन रिंग’ खेळताना माणूस सारखा मरतो. घोड्यावरून पडून मरतो, ड्रॅगनच्या पायाखाली येऊन मरतो, आणि एकाच बॉसच्या हातून एका संध्याकाळी वीस-वीस वेळा मरतो. अवघड बॉस असला की जवळपास एक छोटी दगडी मूर्ती दिसते. मेल्यावर गेम विचारतो, मागच्या ग्रेसपाशी परत जायचं की या मूर्तीपाशी उठायचं? आपण विचार न करता मूर्ती निवडतो, कारण तिथून बॉस जवळ पडतो. ही मूर्ती मारिकाची. गेममध्ये तिला नावच ‘स्टेक ऑफ मारिका’ असं आहे.

पॉडकास्टच्या या भागात आम्ही मारिकावर तासभर बोललो, पण एक गोष्ट नीट मांडायची राहून गेली. ती या मूर्तीपासूनच सुरू होते. मारिका या जगाची देवी आहे. तिचा पहिला कायदा असा की मरण नाही. आपण दर वेळी त्या मूर्तीपाशी उठतो तेव्हा त्याच कायद्याच्या आधारावर उठतो. म्हणजे कथा कळायच्या कितीतरी आधीपासून आपण तिची प्रजा झालेलो असतो, आणि एका अर्थाने तिची मुलंही.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘एल्डन रिंग’ 25 फेब्रुवारी 2022 ला आला. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी स्टुडिओचा हा गेम, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. गेम सुरू होण्याआधीचा जो पुराणकाळ आहे, देवांची घराणी, लग्नं, भांडणं, त्याचा पाया जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिला. जून 2024 मध्ये ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा मोठा डीएलसी आला. या जगाच्या मधोमध एर्डट्री नावाचा सोन्यासारखा झळकणारा महावृक्ष आहे. जगाचे नियम ज्यात कोरलेत ती वस्तू म्हणजे एल्डन रिंग, आणि ती जिच्या देहात वसते ती राणी मारिका. तिच्या राज्याचं नाव गोल्डन ऑर्डर, आणि इथे ऑर्डर म्हणजे धर्म, कायदा, सृष्टीचा क्रम, सगळं एकदम. मारिकाने एल्डन रिंगमधून मृत्यूचा रून उपटून काढला आणि मलिकेथ या आपल्या पशुरूपी सेवकाकडे बंदोबस्तात ठेवायला दिला. गोल्डन ऑर्डर उभी राहिली ती इथून.

मारिकाबद्दल ऑनलाइन वाद होतात ते बहुतेक एकाच प्रश्नावर: ती जुलमी होती की बिचारी होती? किंवा त्याचंच घरगुती रूप: ती चांगली आई होती का? मला वाटतं, गेम याहून अवघड काहीतरी विचारतोय. ‘माझ्या माणसांपैकी कोणी मरू नये’ ही इच्छा कुठल्याही आईची असते. तिच्यात खोट काढता येत नाही. पण त्याच इच्छेचा कायदा केला, सगळ्या जगावर लावला, तर काय होतं?

कायद्याच्या बाहेर पडलेली मुलं

आता मारिकाची मुलं बघा. पहिला नवरा गॉडफ्री, त्याच्यापासूनचा गॉडविन हा सगळ्यांचा लाडका, सोनेरी केसांचा राजपुत्र. त्याच घरात मॉरगॉट आणि मोग हे जुळे झाले, पण ते ‘ओमेन’ म्हणून जन्मले. ओमेन म्हणजे अंगावर शिंगं असलेली मुलं. गोल्डन ऑर्डरच्या लेखी ती अपवित्र. साध्या घरात असं मूल झालं तर त्याची शिंगं कापून टाकतात, आणि त्यात बहुतेक मुलं दगावतात. हे सगळं कुठे कळतं? तर एका लहानशा बाहुलीच्या आयटम डिस्क्रिप्शनमध्ये, तीनचार ओळींत. राजघराण्यातल्या मुलांना तेवढी सवलत असते. त्यांची शिंगं कापत नाहीत, त्यांना कोणाला न कळवता जमिनीखाली कोंडतात, कायमचं.

लेंडेल ही राजधानी झगमगती आहे, आणि तिच्याखाली गटारांचं एक अख्खं जाळं आहे. पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा मला वाटलं होतं, ही नेहमीची गेममधली गटारं, उंदीर मारायचे, खजिना उचलायचा, वर यायचं. पण ती राणीच्या पोरांची खोली होती.

पुढे या दोघांचं जे होतं ते मला सगळ्या गेममधलं सगळ्यात नेमकं लिखाण वाटतं. मोगला जमिनीखालीच दुसरी आई भेटते. रूप नसलेली, जखमा मागणारी एक देवता. ज्या रक्ताची त्याला लाज वाटायला शिकवलेलं असतं त्याच रक्तावर ती प्रेम करायला शिकवते, आणि तो तिचा होतो. मॉरगॉट उलट करतो. ज्या एर्डट्रीने त्याला नाकारलं त्याचंच रक्षण करायला तो उभा राहतो. आई गायब, भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि राजधानी शेवटपर्यंत सांभाळतो तो हा गटारात वाढलेला मुलगा, तेही तोंड लपवून. त्याला प्रेम कधी मिळालं नाही, तरी त्याने केलं, एवढंच गेम त्याच्याबद्दल सांगतो. घरातल्या ज्या मुलाला सगळ्यात कमी मिळालं तोच शेवटी घर सांभाळतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या कुटुंबात बघायला मिळेल.

मग येतो गॉडविनचा मृत्यू. मृत्यूच्या रूनचा एक तुकडा चोरीला जातो आणि एका रात्री त्याचा खून होतो, पण अर्धाच. आत्मा मरतो, शरीर जिवंत राहतं. ज्या जगातून मरण काढून टाकलंय तिथे मेलेल्या मुलाचं करायचं काय, याचं उत्तर कायद्यात नाही. त्याचं शरीर एर्डट्रीच्या मुळांशी पुरतात. ते तिथे वाढत जातं, त्यातून मृत्यूची मुळं सगळीकडे पसरतात आणि धड न मेलेले, धड न जगणारे लोक उठू लागतात. गोल्डन ऑर्डर त्यांना पाखंडी ठरवते. शिकारी त्यांच्या मागावर निघतात.

इथे रॉजिअर नावाचा एक अभ्यासू जादूगार आपल्याला जे सांगतो त्याचा आशय असा: या लोकांनी काही गुन्हा केलेला नाही, कायद्यात जी फट होती तिला त्यांचा धक्का लागला, इतकंच. परदेशात राहणाऱ्या कोणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागू नये. फॉर्ममध्ये तुमच्यासाठी रकानाच नसतो, आणि खिडकीपलीकडचा माणूस तुमच्याकडे असा बघतो की जणू चूक तुमची आहे.

राडागॉन हा मारिकाचा दुसरा नवरा. राजधानीत त्याचा एक पुतळा आहे. ‘लॉ ऑफ रिग्रेशन’ नावाचा मंत्र त्याच्यासमोर म्हटला की पुतळा बदलतो आणि तिथे मारिका दिसते. दोघं एकच. त्यांची जुळी मुलं मिकेला आणि मलेनिया शापित जन्मतात. तो कधीच मोठा होत नाही, आणि तिचं अंग आतून सडत जातं. मिकेला बहिणीला बरं करण्यासाठी वडिलांच्या कायद्याचा, त्या फंडामेंटलिझमचा, मनापासून अभ्यास करतो. त्याने बहिणीचा रोग हटत नाही, तेव्हा तो तो मार्ग सोडतो.

आता ही यादी एकत्र ठेवून बघा. शिंगवाले जुळे, अर्धा मेलेला थोरला, न वाढणारा धाकटा, सडणारी मुलगी. कायदा ज्या ज्या जागी अपुरा पडतो त्या प्रत्येक जागी मारिकाचं एक मूल उभं आहे. हे योगायोगाने झालेलं नाही. तिचं राज्य कसं चालतं हे गेम बाजार, कचेऱ्या, न्यायालयं दाखवून सांगत नाही. तिच्या घराची अवस्था दाखवतो आणि राज्याचा अंदाज आपल्यावर सोडतो.

आपल्याकडची सटवाई आठवून बघा. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री ती येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते. म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. बाळंतिणीची खोली आणि नियतीचा लेख, दोन्ही एकाच देवीच्या अखत्यारीत, म्हणजे मारिकासारखंच. फरक एवढा की सटवाई प्रत्येक पाळण्यापाशी जाते आणि ती त्या बाळाची आई नसते. ती लिहिते आणि निघून जाते. मारिका लिहिणारीही आहे आणि आईही. शिंगवाल्या मुलांबद्दलचा नियम चालू असताना तिच्याच पोटी दोन शिंगवाले येतात. नियम मोडायचा तर राज्य डळमळतं, पाळायचा तर मुलं मरतात. ती तिसरा रस्ता काढते: मुलांना मारायचं नाही आणि दिसूही द्यायचं नाही. घराण्याची अब्रू सांभाळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या आहेत.

काहीतरी बनून दाखवा

मेलिना नावाची एक तरुणी आपल्याला प्रवासभर सोबत करते. ती अधूनमधून मारिकाचे जुने शब्द ऐकवते. त्यातले एके ठिकाणचे मुलांना उद्देशून आहेत. अर्थ साधारण असा: माझ्या लाडक्या मुलांनो, तुम्हाला जे व्हायचं ते व्हा, राजा व्हा, देव व्हा. पण काहीच झाला नाहीत तर तुम्हाला टाकून दिलं जाईल.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला. शब्द जुन्या, भारदस्त इंग्रजीतले होते, पण वाक्य मला मराठीत पाठ होतं. फक्त आमच्याकडे शेवट कोणी उघड बोलत नाही. ‘तुला हवं ते कर, आमचं काही म्हणणं नाही, पण काहीतरी बनून दाखव.’ आणि मग थोडं थांबून, ‘आम्ही एवढं सगळं सोडून आलो ते कशासाठी?’

हे मी उगाच जोडत नाहीये. मारिका स्वतः बाहेरून आलेली आहे. गेममध्ये ‘न्यूमेन’ नावाची एक जमात आहे. ते लोक फार जगतात आणि त्यांच्यात मुलं क्वचित होतात. ते या भूमीबाहेरून आले, असं एका रूनच्या वर्णनात आहे. मारिका त्यांच्यातली. हे पहिल्या गेममध्येच सांगितलेलं होतं, पण कोणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. डीएलसीमध्ये तिचं गाव दिसतं तेव्हा या ओळीला वजन येतं.

त्या गावाचं नाव शामन व्हिलेज. तिथे पोचायला छाया-किल्ल्यातून आडवाट काढत जावं लागतं. आजूबाजूच्या सगळ्या भागात जीवघेणी लढाई, आणि इथे फुलं, वारा, रिकामी घरं. शत्रू जवळजवळ नाहीतच. इथल्या बायकांचं काय झालं ते आपल्याला दुसऱ्या एका गावात कळतं. त्यांचं मांस दुसऱ्या मांसाशी सहज एकजीव होतं, म्हणून हॉर्नसेंट या सत्ताधारी लोकांनी त्यांना गुन्हेगारांच्या तुकड्यांबरोबर मोठ्या रांजणांत भरलं. यातून ‘संत’ घडतात असं त्यांचं म्हणणं. तोही कायदाच होता, धर्मच होता. मारिका त्यातून वाचली, देवी झाली, आणि मग मेस्मर या आपल्या मुलाला हॉर्नसेंटांच्या कत्तलीवर पाठवलं. त्यांना शिंगं होती. आता लेंडेलच्या गटारातली शिंगवाली मुलं पुन्हा आठवा.

ही गोष्ट जाणून घेतल्यावर मृत्यूचा रून उपटणारा तो हात वेगळा दिसायला लागतो. ज्या बाईने आपली सगळी माणसं रांजणात गेलेली पाहिली तिला मरण नसलेलं जग हवं होतं. तो कायदा लिहिताना तिच्या डोळ्यासमोर येणारी मुलं किती होती आणि मागे राहिलेलं गाव किती होतं, हे सांगता येणार नाही. पण ज्या आईवडिलांनी एका देशात जे भोगलं त्याचा नियम करून दुसऱ्या देशात मुलांना लावला, त्यांची मुलं याचा थोडाफार अंदाज करू शकतील. आईने जिथे भूक पाहिली तिथून ‘ताटात काही टाकायचं नाही’ हा नियम येतो. तिला जिथे शिकू दिलं नाही तिथून ‘नव्वदच्या खाली मार्क नकोत’ हा येतो. नियम आपल्यापर्यंत पोचतो, त्यामागचं गाव पोचत नाही. मग नियम नुसता धाक वाटतो.

गेमने हे गाव किती उशिरा दाखवलं याच्यावर म्हणूनच माझा राग नाही. आईचं गाव मुलांना उशिराच कळतं.

सोनं आहे, कायदा नाही

शामन व्हिलेजमध्ये एक लहानसं सोनेरी झाड आहे. त्याच्यापाशी एक मंत्र सापडतो. वापरला की छोटं झाड उगवतं आणि आसपासच्यांच्या जखमा हळूहळू भरतात, बस. मंत्राच्या वर्णनानुसार यात सोन्याची फक्त दया आहे, ऑर्डर नाही. बरं करायला तिथे कोणीच उरलेलं नाही हे पक्कं माहीत असूनही मारिकाने ते गाव सोन्याने न्हाऊ घातलं होतं. जवळच तिची कापलेली वेणी मिळते. गावच्या आजीला वाहिलेली. त्यानंतर ती कधी घरी परतली नाही.

मराठीत यासाठी एक शब्द तयार आहे: माया. एका बाजूला माया, दुसऱ्या बाजूला शिस्त किंवा धाक. आपण ही जोडी इतकी सहज बोलतो की दोन्ही एकाच बाईकडून एकाच वेळी मागतो हे लक्षात येत नाही. मारिकाची सगळी शोकांतिका मला या दोन झाडांमध्ये दिसते. राजधानीतलं झाड आकाशाएवढं, कायद्यासकट. गावातलं अंगणाएवढं, नुसतं मायेचं. मोठ्या झाडाने जग चाललं पण घर मोडलं. छोट्या झाडाने कोणाचंच काही झालं नाही, कारण ते लावायला फार उशीर झाला होता.

आणि कायद्यात माया घातली तर? मिकेलाची गोष्ट याच प्रश्नाचं उत्तर आहे. डीएलसीभर आपण त्याच्या मागे जातो. त्याला आईची चूक सुधारायची आहे. कोणी बाहेर पडणार नाही असं करुणेचं युग आणायचं आहे. त्यासाठी देव व्हायला हवं, आणि देव होण्यासाठी तो एकेक करून स्वतःचं सगळं टाकत जातो. शरीर, डोळा, शंका, शेवटी प्रेमसुद्धा. त्याची करुणा चालते मोहिनीने. त्याच्या जवळ आलेले लोक आपोआप त्याच्यावर प्रेम करू लागतात, आणि ती मोहिनी तुटल्याबरोबर एकमेकांवर तलवारी उपसतात. त्याने टाकून दिलेलं प्रेम म्हणजे सेंट ट्रिना. ती एका अंधाऱ्या खड्ड्याच्या तळाशी पडून आहे आणि तिचं मागणं एकच आहे: त्याला थांबवा, देवपण हा त्याचा तुरुंग होईल. तिच्या या मागण्यामागे आपल्याला एर्डट्रीच्या आत कोंडलेली, भंगलेली मारिका दिसत असते. मुलगा आईची चूक टाळायला निघाला आणि थेट तिच्याच कोठडीच्या दाराशी पोचला.

इथे मला गेमशी भांडायचंही आहे. एवढी मोठी भूमिका, आणि मारिका स्वतः समोर येऊन आपल्याशी एक शब्द बोलत नाही. तिचे जुने शब्द मुलगी सांगते, तिचा राग वस्तू सांगतात, तिचं दुःख एका वेणीच्या वर्णनात मावतं. शेवटच्या लढाईतही तिच्या देहातून राडागॉन उठतो, हातोडा घेऊन. आई गप्प, कायदा बोलतोय. यात अर्थ आहे हे मान्य. पण शेवटी बाईचा देह हे सगळ्यांचं रणांगण होतं आणि तिचं म्हणणं आपण अंदाजाने भरतो, ही सवय गेमपेक्षा जुनी आहे. दुसरं, सत्ताधारी बाईच्या क्रौर्यामागे जखम दाखवायचीच, हा फॅन्टसीतला घासलेला रस्ता आहे. गॉडफ्रीने युद्धं का केली हे समजावण्यासाठी त्याच्या लहानपणीचं गाव कोणी दाखवत नाही. तिसरं सगळ्यात गंभीर. मेस्मरने जाळलेल्या हॉर्नसेंटांमध्ये रांजणं भरणारे होते तशी साधी माणसंही होती. मारिकाचं गाव इतकं सुंदर रंगवलंय की त्यांच्या राखेवरून चालत तिथे पोचलेला खेळाडू हे विसरू शकतो. ऑनलाइन वादात अनेक जण विसरलेतही. तिचं दुःख कळलं म्हणून हिशेब मिटत नाही.

मेस्मर स्वतः मात्र विसरत नाही. आईने त्याला मोहिमेवर पाठवलं आणि त्या सगळ्या भूमीवर पडदा ओढून त्याला तिथेच सोडून दिलं. लढाईआधी तो आईला उद्देशून बोलतो, आणि मरताना तिला शाप देतो. ज्याने आईचा हुकूम शब्दशः पाळला त्याच्या तोंडी शाप आहे, आणि ज्याला तिने लपवलं तो मॉरगॉट तिचं झाड राखत बसलाय. मुलांच्या प्रेमाचा हिशेब असाच असतो, त्याला कायदा लागू होत नाही.

तुमचा कायदा कोणता?

शेवटी गेम आपल्या हातात निर्णय देतो. भंगलेल्या मारिकासमोर आपण उभे, आणि रिंग कशी सांधायची ते आपण ठरवायचं. गोल्डमास्क नावाच्या एका मौनी विद्वानाने शोधून काढलेला रून आहे ‘परिपूर्ण व्यवस्थे’चा. त्याच्या मते दोष कायद्यात नव्हताच, देवांच्या लहरीत होता, म्हणून देवांचं मन वजा करा. म्हणजे कायदा ठेवा, आई काढा. डंग ईटरचा उपाय असा की सगळ्यांनाच शापित करा, म्हणजे शापित वेगळा दिसणार नाही. रॅनी कायदाच माणसांपासून लांब, ताऱ्यांकडे घेऊन जाते. आणि फिआ नावाची एक बाई आहे. गॉडविनच्या देहाशेजारी झोपून ती एक रून पोटात वाढवते. त्याने मरण पुन्हा कायद्यात येतं आणि धड न मेलेल्यांना जगात जागा मिळते.

मी प्रत्येक वेळी फिआचा शेवट निवडतो. तो सुंदर नाही. आकाश धुरकट होतं, जग थडग्यासारखं दिसतं. पण या सगळ्या उपायांपैकी हा एकच असा आहे की ज्यात कायद्याबाहेर पडलेल्यांना बदलावं लागत नाही, कायदा बदलतो. तोही एका आईनेच लिहिलाय, पण स्वतःच्या रक्ताच्या नसलेल्या पोरांसाठी. मारिकाने जे मरण मुलांच्या रक्षणासाठी काढलं ते फिआ तिच्याच मुलाच्या नावाने परत ठेवते.

मला वाटतं मारिकालाही हे हवं होतं, निदान तसा संशय घ्यायला जागा आहे. रिंग तिनेच फोडली. गॉडफ्रीला आणि त्याच्या योद्ध्यांना, म्हणजे टार्निश्डना, कृपा काढून घेऊन तिनेच समुद्रापार पाठवलं, परदेशात लढा, मरा आणि मग परत या म्हणून. आपण त्यांचे वंशज. राउंडटेबल होल्डमधल्या ह्यूग या लोहाराला तिनेच कोंडून ठेवलं आणि एक काम दिलं: देवाला मारेल असं हत्यार घडव. ज्या हत्याराने आपण शेवटी तिच्यापर्यंत पोचतो ते तिच्याच हुकमाने घडलेलं असतं. आपला कायदा चुकला हे ओळखून तो मोडायची सोय तिने मुलांसाठी करून ठेवली. तोंडाने मात्र कबूल केलं नाही. आयांना ते जमत नाही, किंवा निदान मी ओळखतो त्यांना जमत नाही.

मेलिनाचं एक बोलणं सांगून थांबतो. एर्डट्रीच्या वाटेवरचे काटे जाळण्यासाठी तिला स्वतः जळायचं असतं. ज्वाळेपाशी पोचल्यावर ती सांगते की हे काम तिला आईने दिलेलं आहे. आणि पुढे म्हणते की आता मात्र ती हे स्वतःच्या मर्जीने करतेय. आई म्हणजे मारिकाच, असं बहुतेक खेळाडू मानतात. आईने लावलेलं काम आणि स्वतःची मर्जी यांच्यात किती अंतर आहे हे ती आपल्याला सांगत बसत नाही. तिला ते कळलेलं असावं.

पुढच्या वेळी बॉसकडून मार खाऊन त्या मूर्तीपाशी उठाल तेव्हा दोन सेकंद थांबा. ती मूर्ती लावणाऱ्या बाईला कोणाचंच मरण बघवत नव्हतं. तिची चूक तिथूनच सुरू झाली, आणि तुम्ही उठलात तेही त्याच कारणाने.